गावाकडे पोरांसाठी क्रिकेट अकॅडमी काढताय? जागेपासून जिल्ह्याच्या ट्रायलपर्यंत सगळं

आयपीएल सुरू झाली की मला फोन यायला लागतात. कुणी विट्याहून, कुणी फलटणहून, कुणी थेट चिपळूणहून, आणि पहिला प्रश्न ठरलेला, सर अकॅडमी काढायला खर्च किती येतो? मी कराडजवळ अकॅडमी चालवतो, या सगळ्यातून गेलोय, आणि सांगायला मला आवडतंच, पण फोनवर पुरं होत नाही म्हणून सविस्तर लिहितोय.

खर्चाच्या आधी एक प्रश्न डोक्यात पक्का बसवा. तुमच्याकडे येणाऱ्या पोराला एका सेशनला किती बॉल खेळायला आणि किती टाकायला मिळणार, आणि त्यातल्या किती बॉलवर कोचची नजर असणार? पोराचा खेळ यावरच सुधारतो. बोर्ड, लोगो, जर्सी, उद्घाटनाचा कार्यक्रम हे सगळं नंतर केलं तरी चालतं. पुढे जिथे जिथे खिशात हात घालायची वेळ येईल तिथे हाच प्रश्न विचारा, निम्मे निर्णय आपोआप होतात.

१. आधी पोरांचा आकडा ठरवा, मग नेटचा

समजा एकच नेट आहे, संध्याकाळी ३० पोरं येतात आणि सेशन दोन तासांचं आहे. १२० मिनिटं भागिले ३०, म्हणजे एकाच्या वाट्याला ४ मिनिटं. चार बोलर आलटून पालटून टाकत असतील तर मिनिटाला साधारण ५ बॉल पडतात, म्हणजे २० बॉल. तीन गावं ओलांडून सायकल मारत आलेल्या पोराला २० बॉल! तेच ३ नेट असतील तर १२ मिनिटं आणि ६० बॉल. म्हणून एका बॅचमध्ये एका नेटमागे १० च्या वर पोरं घेऊ नका. अकरावा आला तर दुसरी बॅच काढा नाहीतर वेटिंगला ठेवा. पालक ओळखीचे असतात, नगरसेवकाचा फोन येतो, पण एकदा हा आकडा सोडला की परत धरता येत नाही.

वयाचे गट पण आधीच करा. ८ ते ११, १२ ते १५ आणि १६ ते १९ असे तीन पुरतात. सगळ्यात लहान गटाला लगेच सीझन बॉल (कठीण लेदर बॉल) देऊ नका, टेनिस किंवा हलका सिंथेटिक बॉल द्या आणि पिच १६ ते १८ यार्डांचं ठेवा. २२ यार्डांवरून नऊ वर्षांचं पोरगं बॉल टाकायला गेलं की बॉल पोचवण्यासाठी अख्खं अंग एका बाजूला फेकतं आणि तीच ॲक्शन पुढे पक्की होते.

आणि टेनिस बॉलवाल्या पोरांना नाकं मुरडू नका. आपल्याकडे सगळे गल्लीतून आणि जत्रेच्या टुर्नामेंटमधूनच येतात. उमेश यादव खापरखेड्यात टेनिस बॉल खेळतच मोठा झाला, लेदर बॉल हातात आला तेव्हा विशीच्या आसपास होता, आणि तो पुढे भारताकडून टेस्ट खेळला. वेगवान हात असलेलं पोरगं उशिरा आलं म्हणून परत पाठवू नका.

२. जागा: सातबारा बघितल्याशिवाय ॲडव्हान्स देऊ नका

तीन नेटच्या पट्ट्याला किती जागा लागते बघा. एका नेटला रुंदी १२ फूट, लांबीला पिचचे ६६ फूट, बॅट्समनच्या मागे ७-८ फूट, आणि फास्ट बोलरच्या रनअपला ४५-५० फूट. म्हणजे ४० बाय १२० फूट, साधारण साडेचार गुंठे. वॉर्मअप, फिल्डिंग ड्रिल, गाड्या आणि शेड धरून १२-१५ गुंठे असतील तर मस्त सुरुवात होते. पूर्ण ग्राऊंडला तीन-साडेतीन एकर लागतात, त्याच्या मागे पहिल्या वर्षी लागू नका. मॅचसाठी ग्राऊंड भाड्याने मिळतं.

सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे शाळा-कॉलेजचं मैदान. पोरं तिथेच असतात, संडास-पाणी असतं, आणि संस्थेलाही मैदान वापरात राहिलेलं हवं असतं. पण हेडसरांच्या तोंडी होकारावर काम सुरू करू नका. संस्थेच्या कार्यकारिणीचा ठराव आणि त्यावर लेखी करार, दोन्ही हातात घ्या. हेडसर बदलतात, संचालक मंडळ बदलतं, स्नेहसंमेलनाचा मंडप नेमका तुमच्या विकेटवर पडतो. गॅदरिंग, परीक्षा, निवडणुकीच्या दिवसांत काय करायचं तेही करारात लिहून घ्या.

शेतजमीन घेणार असाल तर नवीन सातबारा काढा, आठ-अ काढा, फेरफार बघा. सामाईक खातं असेल तर सगळ्या खातेदारांच्या सह्या पाहिजेत, एका भावाने हो म्हणून भागत नाही. इतर हक्कात बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा आहे का बघा. शेतजमिनीचा वापर बदलायला बिगरशेती परवानगीचा प्रश्न येतो, तो तहसीलमध्ये आधीच विचारून घ्या. गायरान जागेत तर पडूच नका, कुणी कितीही खात्री दिली तरी.

करार किती वर्षांचा? इथे बरेच जण फसतात. घरासारखा ११ महिन्यांचा करार करतात, त्यावर काँक्रीट ओततात, पाईप उभे करतात, आणि पुढच्या वर्षी मालक भाडं दुप्पट सांगतो. तेव्हा सोडून जाणार कुठे? कमीत कमी ५ वर्षांचा करार करा. एक वर्षाच्या वरचा भाडेपट्टा दुय्यम निबंधकाकडे रजिस्टर करावाच लागतो, तो खर्च वाचवायला जाऊ नका. दरवर्षी भाडं किती टक्क्यांनी वाढणार ते लिहा, आणि सोडताना पाईप, नेट, मॅट, पंप आपण काढून नेणार हे स्पष्ट लिहा.

जागेवर जाऊन अजून तीन गोष्टी बघायच्या. वरून हाय टेन्शन लाईन जाते का, पावसाळ्यात पाणी कुठून येतं आणि कुठे साचतं, आणि विकेट उत्तर-दक्षिण बसते का. पूर्व-पश्चिम विकेट झाली की संध्याकाळच्या बॅचला सूर्य सरळ डोळ्यात येतो, हे डोक्याला बॉल लागण्याचं कारण होऊ शकतं. शेजारी उसाचा फड असेल तर त्या बाजूला उंच जाळी आधी लावा. बॉल हरवतात ते वेगळंच, पण पोरं उसात शिरतात आणि तिथे साप असतात.

३. नोंदणी: दोनच पर्याय, नीट निवडा

एकट्याने चालवणार असाल तर प्रोप्रायटरशिप पुरते. पॅन तुमचाच, शॉप ॲक्टचं ऑनलाईन काम, उद्यम (लघुउद्योग) नोंदणी आणि अकॅडमीच्या नावाने करंट अकाऊंट. २० पेक्षा कमी माणसं कामाला असतील तर शॉप ॲक्टला फक्त सूचना द्यावी लागते, लायसन्सची धावपळ नाही.

दुसरा पर्याय संस्थेचा. किमान ७ जण लागतात, घटना लिहावी लागते, आणि जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात १८६० च्या सोसायटी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली अशी दोन्ही नोंदणी होते. देणगी, सीएसआर (कंपन्यांचा सामाजिक निधी), नगरपालिकेचं मैदान, यातलं काही हवं असेल तर संस्थाच बरी. पण दरवर्षी ऑडिट आलं, आणि विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. नुसती नावाला म्हणून मामा, मेहुणा, मित्र असे सात जण गोळा करू नका, पाच वर्षांनी सह्यांसाठी त्यांच्या मागे फिरावं लागतं.

जीएसटीबद्दल लोक ऐकीव माहितीवर चालतात. सेवेला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही. त्याच्या वर गेलात तर खेळाच्या कोचिंगवरची सूट फक्त आयकराची १२एए किंवा १२एबी नोंदणी असलेल्या धर्मादाय संस्थांना आहे, प्रोप्रायटरला नाही. एकदा सीएकडे बसून समजून घ्या.

४. विकेट आणि नेट: इथे पैसे वाचवू नका

हा भाग जरा सावकाश वाचा, कारण एकदा ओतलेलं काँक्रीट उखडता येत नाही.

पहिल्या वर्षी सिमेंट विकेटवर मॅट किंवा ॲस्ट्रोटर्फ हेच परवडतं. टर्फ विकेटला, म्हणजे माती-गवताच्या विकेटला, रोज पाणी, रोलिंग, गवत कापणं आणि जाणता ग्राऊंड्समन लागतो, आणि तीसेक पोरांचा रोजचा सराव एक-दोन टर्फ पट्ट्यांना झेपत नाही. पण सिमेंटचा एक तोटा आहे. बॉल एकाच उंचीवर येतो, थांबत नाही, वळत नाही, त्यामुळे फक्त सिमेंटवर वाढलेलं पोरगं पुढचा पाय टाकून सरळ फटका मारत सुटतं आणि ट्रायलला टर्फवर बॉल थांबून आला की शॉर्ट कव्हरला कॅच देऊन येतं. म्हणून तिसरं नेट शक्य असेल तर चांगला रोलिंग केलेल्या मुरमावर काथ्याची मॅट टाकून करा. त्यावर स्पिन होतो, बाऊन्स बदलतो, बोलरला पण बॉल पकडल्यासारखा वाटतो. पुढे मातीची विकेट कराल तेव्हा लक्षात ठेवा, काळी माती ओल धरते आणि विकेट जरा संथ, खाली राहणारी होते, लाल मातीत बाऊन्स जास्त मिळतो.

आता सिमेंट. कृष्णाकाठची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. त्यावर सरळ काँक्रीट ओतलं की दुसऱ्या पावसाळ्याला आडवी चीर जाते, आणि ती चीर नेमकी गुड लेंग्थला, म्हणजे चांगल्या बॉलचा टप्पा पडतो तिथे, असेल तर ते नेट संपलं. त्यामुळे काळी माती दीड-दोन फूट काढून टाका, खाली दगड, वर मुरूम, थर टाकत पाणी मारत रोलर फिरवा, आणि मगच ५ इंच काँक्रीट. रुंदी १० फूट ठेवा. एका बाजूला अगदी हलका उतार द्या म्हणजे पाणी निघून जाईल. ओतल्यावर आठवडाभर तरी पाणी धरायचंच, दोन आठवडे धरलं तर अजून चांगलं.

गवंडी घराच्या फरशीच्या हिशोबाने लेव्हल बघतो, आपल्याला त्याहून बारीक पाहिजे. काँक्रीट पक्कं झाल्यावर शेवटचं बिल द्यायच्या आधी एक करा, दोन बादल्या पाणी विकेटवर ओता आणि दहा मिनिटं उभे राहा. जिथे पाणी थांबतं तिथे खळगा आहे, खडूने गोल करा. मग ओला टेनिस बॉल एकाच उंचीवरून सोडत पुढे पुढे जा, कुठे बाऊन्स वेगळा येतो ते लगेच दिसतं. या खुणा दाखवून दुरुस्ती करून घ्या. कामगार एकदा दुसऱ्या साईटवर गेले की परत येत नाहीत.

अजून एक, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. बोलिंग एंडला काँक्रीट करू नका. फास्ट बोलरचा पुढचा पाय टेकतो तेव्हा शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट जोर पायावर आणि कमरेवर येतो, आणि ते पोरगं रोज कठीण काँक्रीटवर पाय आपटणार. काँक्रीट बॅट्समनकडून पिचच्या मध्याच्या थोडं पुढेपर्यंत पुरतं. बोलर जिथे उतरतो तिथे माती किंवा गवत ठेवा. सिमेंटचा खर्चही कमी होतो.

नेटचे पाईप दोन इंची जीआय, उंची १० ते १२ फूट, खाली खड्ड्यात काँक्रीट. जाळीचं भोक पावणेदोन-दोन इंचांचं चालतं. जाळी खालपर्यंत आणून तिच्यावर जमिनीपासून दोन फूट उंचीपर्यंत जाड कापड किंवा ताडपत्रीची झालर लावा, बॉलच्या माऱ्याने जाळी खालीच आधी फाटते. वरची जाळी टाळू नका, दोन नेटच्या मधून उडालेला बॉल शेजारच्या बोलरच्या डोक्यात बसतो. जाळी पाईपला घट्ट ताणून बांधू नका, थोडी सैल सोडली की बॉल त्यात मरतो आणि जाळी टिकते.

५. सामान: यादी लहान ठेवा

पहिल्या दिवसाला लागतं ते एवढंच: स्टंपचे सेट, स्प्रिंगवाले स्टंप, कोन, २-३ साईडआर्म (हाताने जोरात बॉल फेकायची लांब दांड्याची काठी), कॅचिंगसाठी बॅट, लहान-मोठे मिळून अकॅडमीचे ५-६ सेट पॅड-ग्लोव्ह्ज-हेल्मेट, फर्स्ट एड बॉक्स, बर्फाची पेटी, रोलर, पाण्याचे जार. बोलिंग मशीन पहिल्या वर्षी घेऊ नका. मशीनसमोर पोराला बोलरचा हात दिसत नाही, बॉल कधी सुटणार हे हातावरून ओळखायची सवय लागत नाही, आणि मशीनच्या किमतीत साईडआर्म टाकणारा एक हुशार पोरगा किती महिने कामावर ठेवता येतो याचा हिशोब करा.

बॉलचं वजन गटाप्रमाणे घ्या. मोठ्या मुलांचा बॉल १५६ ते १६३ ग्रॅम, मुलींचा १४० ते १५१, आणि १३ वर्षांखालच्यांचा १३३ ते १४४ ग्रॅम. दुकानदार सगळ्यांना एकच बॉक्स देतो, तुम्ही मागून घ्या. नेटला टू-पीस, मॅचला फोर-पीस, नाहीतर बॉलचा खर्च आवरत नाही.

पालकांना पहिल्याच मीटिंगला बॅटबद्दल सांगा. कपडे घेतात तशी वाढत्या अंगाची बॅट घेऊन येतात. जड बॅटने खालचा हात जोर करतो, बॅट आडवी येते आणि कोचचे सहा महिने ते मोडण्यात जातात. पोराने वरच्या एकाच हाताने बॅट उचलून समोर धरावी, दहा आकडे मोजेपर्यंत थरथरली नाही तर ती बॅट त्याची. सुरुवातीला चांगली काश्मीर विलो पुरते.

६. कोच

तुम्ही स्वतः जिल्हा किंवा क्लब लेव्हलला खेळला असाल तरी शिकवणं वेगळं आहे. बीसीसीआयच्या लेव्हल वनसाठी आपल्या राज्य संघटनेमार्फत जावं लागतं, त्याच्या पुढच्या लेव्हल बंगळुरूच्या राष्ट्रीय केंद्राच्या हातात आहेत. पटियाळाच्या एनआयएसचे (राष्ट्रीय क्रीडा संस्थेचे) सर्टिफिकेट आणि डिप्लोमा कोर्स आहेत. हे होईपर्यंत थांबा असं नाही, पण अर्ज करत राहा.

असिस्टंट घेताना त्याचा स्कोअर बघण्यापेक्षा त्याला लहान बॅचसोबत अर्धा तास सोडून लांबून बघा. किती वेळ बोलतो आणि किती वेळ पोरं खेळतात? एका पोराला एका वेळी एकच गोष्ट सांगतो का, की डोकं स्थिर, कोपर वर, पाय पुढे असं सगळं एका दमात? शिव्या देणारा आणि हात उचलणारा माणूस कितीही मोठा खेळाडू असला तरी घेऊ नका.

७. प्रवेश आणि कागदपत्रं

प्रत्येक पोराची फाईल पहिल्या दिवशी करा. त्यात हे हवं:

- जन्मदाखला, ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेचा, ऑनलाईन पडताळता येणारा
- आधार कार्ड
- शाळेचं बोनाफाईड, जन्मतारखेसह
- डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट, रक्तगट, दमा किंवा ॲलर्जी असेल तर त्याची नोंद
- आई आणि वडील दोघांचे नंबर, शिवाय जवळ राहणाऱ्या एकाचा
- पालकांचं संमतीपत्र, त्यात प्रवास आणि फोटोची परवानगी वेगळी
- पासपोर्ट साईझ फोटो

जन्मदाखला, आधार आणि बोनाफाईड या तिन्ही कागदांवर नाव आणि जन्मतारीख अक्षर न अक्षर जुळते का ते तेव्हाच बघा. एकीकडे वडिलांचं नाव मधे, एकीकडे नाही, आडनावाचं स्पेलिंग वेगळं, असं चिकार सापडतं आणि ट्रायलच्या आदल्या दिवशी कुणी दुरुस्त करून देत नाही.

वयाबद्दल मात्र कडक राहा. "सर, दोन वर्षं कमी दाखवतो ना" असं म्हणणारे पालक येणारच. १६ वर्षांखालच्या मुलांच्या आणि १५ वर्षांखालच्या मुलींच्या गटात बीसीसीआय मनगटाचा एक्सरे काढून हाडांवरून वय तपासते, आणि खोटे कागद सापडले तर दोन वर्षांची बंदी लागू शकते. त्या वयात दोन वर्षं म्हणजे पोराचं सगळं क्रिकेट. शिवाय खऱ्या वयाचं एक पोरगं त्याच्यामुळे बाहेर बसतं, तेही आपलंच असतं.

८. वेळापत्रक आणि फास्ट बोलरचं वहीतलं गणित

नेट आठवड्याला तीन दिवस, एक दिवस फिल्डिंग आणि फिटनेस, शनिवार-रविवार मॅच, एक दिवस पूर्ण सुट्टी. मुंबईचं क्रिकेट उगाच मोठं झालेलं नाही, तिथे शाळकरी पोरं गाइल्स आणि हॅरिस शील्डमध्ये मॅच खेळत वाढतात आणि पावसात कांगा लीग असते. आपल्याकडे पोरं नेटमध्येच राहतात. शेजारच्या अकॅडमीला फोन करा, दर आठवड्याला मॅच लावा, हरलात तरी लावा.

फास्ट बोलरची एक वेगळी वही करा आणि त्याने टाकलेला प्रत्येक बॉल त्यात लिहा, नेटचा आणि मॅचचा दोन्ही. १३ ते १८ या वयात कमरेच्या मणक्याला स्ट्रेस फ्रॅक्चर होणं हे पोरांचं क्रिकेट संपवणारं दुखणं आहे. इंग्लंडच्या बोर्डाने बरीच वर्षं वापरलेली मर्यादा मी पाळतो: १३ वर्षांखाली एका स्पेलला ५ ओव्हर आणि दिवसाला १०, चौदा-पंधराच्या पोरांना ६ आणि १२. आपल्याकडे होतं काय, तो सकाळी शाळेच्या टीमकडून टाकतो, दुपारी गावच्या टुर्नामेंटला, आणि संध्याकाळी तुमच्या नेटला. त्यामुळे नेटला आला की आधी विचारा, आज कुठे टाकून आलास?

ॲक्शन बघताना मागचा पाय टेकतो तो क्षण बघा, मोबाईलवर स्लो मोशन लावा. पाय क्रीजला समांतर आणि कंबर आडवी, पण खांदे मात्र बॅट्समनकडे उघडलेले, असं दिसलं तर ती मिक्स ॲक्शन, तिथे कमर पिळली जाते. खांदे आणि कंबर एका दिशेला आणणं हे पहिलं काम, वेग नंतर. कमरेच्या एकाच बाजूला, मागे वाकल्यावर दुखतंय असं म्हणाला तर बोलिंग त्याच दिवशी बंद करून ऑर्थोपेडिककडे पाठवा. बाम लावून दुसऱ्या दिवशी टाकायला लावू नका.

९. सेफ्टी, आणि मुलींसाठी काय लागतं

सीझन बॉलसमोर हेल्मेटशिवाय कुणीही उभं राहणार नाही, विकेटकीपर पुढे आला तर तोसुद्धा, साईडआर्म टाकणारा कोचसुद्धा. हेल्मेटवर बीएस ७९२८:२०१३ हे ब्रिटिश सुरक्षा मानक लिहिलंय का बघा. लहान मुलांचा बॉल आकाराने लहान असतो, तो जाळी आणि टोपीच्या मधल्या फटीतून आत जात नाही ना हे हाताने लावून बघा. जोरात बॉल बसलेलं हेल्मेट बदला, बाहेरून चांगलं दिसलं तरी. डोक्याला लागलेलं पोरगं "मी ठीक आहे सर" म्हणालं तरी त्या दिवशी परत खेळवायचं नाही, घरी फोन करायचा आणि डॉक्टरला दाखवायचं. वीज कडाडायला लागली की सगळे आत, पाईपच्या नेटजवळ कुणी थांबायचं नाही.

२ नोव्हेंबर २०२५ ला आपल्या मुलींनी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर दक्षिण आफ्रिकेला ५२ रनांनी हरवून वर्ल्ड कप जिंकला, आणि स्मृती मानधना आपल्या सांगलीची, त्यामुळे आता वडील स्वतःहून मुलींना घेऊन येतायत. त्या टिकाव्यात असं वाटत असेल तर पहिल्या दिवसापासून स्वच्छ संडास, आतून कडी असलेली चेंजिंग रूम, आणि शक्यतो महिला कोच किंवा मैदानावर कायम असणारी एक जबाबदार बाई पाहिजे. दौऱ्यावर जाताना तर पाहिजेच. मुलगी येणं का बंद झाली याचं कारण बऱ्याचदा संडास असतो आणि ते कुणी तोंडावर सांगत नाही.

सगळ्या स्टाफला पॉक्सो कायदा, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा, समजावून सांगा. २०१२ चा कायदा आहे, आणि मुलावर अत्याचार झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, "आपसात मिटवू" हा पर्यायच नाही. कुठलाही कोच एका मुलासोबत बंद खोलीत एकटा थांबणार नाही, खाजगी मेसेज करणार नाही, सगळं ग्रुपवर. हे नियम बोर्डावर लिहून लावा.

१०. फी आणि पावसाळा

एक उदाहरण घेऊ. समजा भाडं १५,०००, असिस्टंट १८,०००, ग्राऊंड्समन १२,०००, बॉल ८,०००, लाईट-पाणी-किरकोळ ५,००० आणि जाळी-मॅटच्या देखभालीला बाजूला ६,०००. महिन्याला ६४,००० झाले. फी १,६०० ठेवली तर ४० पोरांवर फक्त बरोबरी होते, तुमचा पगार त्यात नाही. आणि जून ते सप्टेंबर कराड-पाटणकडचा पाऊस तुम्हाला माहितीच आहे, निम्मी पोरं येत नाहीत, म्हणजे दर महिन्याला ३२,००० कमी. ही खोट एप्रिल-मेच्या उन्हाळी कॅम्पमधून आधीच काढून ठेवायची असते. कॅम्पचे पैसे हातात आले की नवीन मशीन घ्यायचा मोह होतो, ते पैसे पावसाळ्याचे आहेत.

पावसात एखादं मंगल कार्यालय, गोडाऊन किंवा शाळेचा हॉल दुपारचा मिळतो का बघा. टेनिस बॉल, कॅचिंग, फिटनेस, व्हिडिओ दाखवणं, एवढं तरी चालू राहिलं की पोरं तुटत नाहीत.

दहा पोरांमागे एक जागा फी न घेता ठेवा, आणि ती कुणाची आहे हे बाकी पोरांना कळू देऊ नका.

११. संघटना, सिलेक्शन आणि त्यातल्या थापा

राज्य एक पण क्रिकेटच्या संघटना तीन. मुंबई आणि आजूबाजूचा पट्टा मुंबई क्रिकेट असोसिएशनकडे, विदर्भाचे जिल्हे नागपूरच्या विदर्भ असोसिएशनकडे, आणि पुणे, नाशिक, सातारा, कोल्हापूर, मराठवाडा हे महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनकडे. पोराचा रस्ता जिल्हा संघटनेतून राज्याकडे जातो. तुमच्या अकॅडमीच्या बोर्डवर मान्यताप्राप्त लिहिल्याने काही होत नाही, पोरांची नावं जिल्हा संघटनेच्या नोंदणीत वेळेवर गेली पाहिजेत. तारखा दरवर्षी बदलतात, त्या ऑफिसला जाऊन विचारत राहा. पुढे १६ वर्षांखालची विजय मर्चंट ट्रॉफी, १९ वर्षांखालची कूचबिहार ट्रॉफी, असा जिना आहे.

शालेय स्पर्धांचं काम वेगळं, ते जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे. १४, १७, १९ असे गट असतात, प्रवेश शाळेमार्फतच होतो. दहावी-बारावीच्या क्रीडा गुणांसाठी पालक तुम्हाला विचारतील, त्यासाठी स्पर्धा आणि तिची पातळी शासनाच्या नियमात बसावी लागते, खाजगी लीगचं सर्टिफिकेट चालत नाही.

आणि हा खाजगी लीगचा धंदा नीट ओळखा. "नॅशनल" नाव, गोवा किंवा दिल्लीला मॅच, पोरामागे हजारो रुपये, परत येताना ट्रॅकसूट आणि ट्रॉफी. त्यातून कुणाचं सिलेक्शन होत नाही. अशा लोकांना पोरांचे नंबर देऊ नका, कमिशन देतो म्हणाले तरी. पैसे देऊन टीममध्ये घालतो म्हणणारा माणूस भेटला तर पालकांना सरळ सांगा की हा चोर आहे. तुम्ही स्वतः पण जाहिरातीत सिलेक्शनची खात्री लिहू नका. त्याऐवजी प्रत्येक पोराला दर तीन महिन्यांनी एक कागद द्या, किती सेशन आला, किती मॅच खेळला, काय सुधारलं, पुढे कशावर काम.

१२. कामाचं कॅलेंडर

गणपतीनंतर जागा शोधायला लागा, पाऊस अजून असतो त्यामुळे पाणी कुठे साचतं ते डोळ्यांनी दिसतं. दिवाळीच्या आत करार रजिस्टर करा. जमीन वाळली की नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये खोदाई, मुरूम आणि काँक्रीट. जानेवारीत पाईप-जाळी. फेब्रुवारीत ओळखीच्या दहा-बारा पोरांना फुकट खेळवा, जाळी कुठून सुटते, बॉल कुठे अडकतो, बाऊन्स कुठे चुकतो ते सगळं त्यात बाहेर येतं. मार्चमध्ये शाळांमध्ये जाऊन पीटीच्या सरांना भेटा, प्रवेश घ्या, फाईली पूर्ण करा. परीक्षा संपल्यावर एप्रिलच्या मध्यात पहिली बॅच, सकाळी साडेसहाला, कारण नऊनंतर आपल्याकडच्या उन्हात लहान पोरांना उभं करायचं नसतं.